तीन नंबरचं उत्तर

साहेबांनी नवा नियम आणला तेव्हा त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट माणसं नियम करत बसत नाहीत, त्यांना तेवढा उत्साहच नसतो. साहेबांना होता. वरून कुणीतरी त्यांच्या हातात एक आलेख ठेवला होता आणि त्यात दिसत होतं की तक्रार विभागातल्या बायका कामाच्या वेळेत इंटरनेटवर चपला बघतात, पडदे बघतात, लांबच्या नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो बघतात. झालं. साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला.

कंपनी गिझर, मिक्सर आणि पंखे बनवायची. कारखाना दूर कुठेतरी होता, इथे तिसऱ्या मजल्यावर नुसता तक्रार विभाग. सहा टेबलं, सहा बायका, एक कायम थेंब गाळणारा एसी. ग्राहकाने कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते तिच्यात आपलं गाऱ्हाणं लिहायचं, आणि इथून कुणीतरी लगेच उत्तर द्यायचं. खिडकीत उत्तर देणारीचं नाव असायचं 'सखी'. सहाही जणी सखीच. जी रिकामी असेल तिच्या टेबलावर मशीन तक्रार टाकायचं, आणि ग्राहक बिचारा समजायचा की कंपनीत एकच बाई बसलेली आहे आणि ती सगळ्या जगाचे मिक्सर सांभाळते. एकाने तर विचारलं होतं, सखीताई, तुम्ही जेवता कधी?

तर नियम असा. आल्या आल्या मोबाइल दारापाशी कप्प्यांच्या कपाटात ठेवायचा, किल्ली पहारेकऱ्याकडे. कंप्युटरवर कामाशिवाय सगळं बंद. भलतं काही उघडायला गेलं की पडद्यावर लाल पंजा यायचा आणि त्याखाली अक्षरं, 'हे पान आपल्या कामाशी संबंधित नाही'. कंप्युटर सांभाळणाऱ्या वायरवाल्या पोराने इतक्या इमानदारीने कुलपं ठोकली की हवामान बंद झालं, शब्दकोश बंद झाला, आणि कंपनीची स्वतःची जाहिरातसुद्धा बंद झाली. एक ग्राहक जाहिरातीत दाखवलेल्या बटणाबद्दल विचारत होता आणि सखी त्याला म्हणत होती, ते बटण कसं दिसतं ते जरा लिहून कळवाल का.

या सहा जणींतल्या एकीची ही गोष्ट. तिला आपण लेक म्हणू, कारण त्या काळात ती दुसरी कुणी फारशी नव्हतीच. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. घरी ती आणि अप्पा, तिचे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि अप्पांचा जुन्या कारखान्यातला दोस्त, ज्याला सगळे फिटरच म्हणत, तोही आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात; त्याच्याकडे चार दिवस राहून या, असं लेक अप्पांना सारखं म्हणायची. अप्पांचा उभा जन्म लेथ मशीनवर गेला आणि मशीनने जाता जाता त्यांचे कान नेले. दाराची घंटा त्यांना ऐकू यायची नाही, फोन ऐकू यायचा नाही. समोर बसून ओठ नीट हलवून बोललं की कळायचं. वर साखर. मागच्या वर्षी चक्कर येऊन न्हाणीघरात पडले ते संध्याकाळपर्यंत तसेच ओल्या फरशीवर. हाका मारल्या असतील, नसतील, त्यांचं त्यांना ठाऊक. लेक घरी आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते आणि पहिलं वाक्य काय म्हणाले, तर तुला आज उशीर झाला.

तेव्हापासून दोघांचा करार होता. फिरून आले की अप्पांनी मोबाइलवर लिहायचं, 'आलो'. जेवले की 'जेवलो'. गोळी घेतली की 'गोळी'. हे तीन चिटुकले शब्द आले की लेकीचा जीव भांड्यात पडायचा आणि ती पुढच्या गिझरकडे वळायची. आता मोबाइल कपाटात. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी, म्हणजे वयाने सगळ्यात मोठ्या म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी, साहेबांना विचारून पाहिलं. घरी नात आजारी असते, अधूनमधून बघता आलं तर. साहेब गोड हसून म्हणाले, "अडीअडचणीला घरच्यांनी ऑफिसच्या फोनवर फोन करावा की. आपण काही राक्षस नाही." बहिऱ्या माणसाने फोन कसा करावा, हे विचारायला लेक खुर्चीतून उठली, पदर सावरला आणि परत बसली. तिचा स्वभावच तसा. तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकायचं आणि मग आठवडाभर स्वतःशी धुसफुसायचं.

मार्ग काढला तो अप्पांनी. घरातला गिझर कंपनीचाच, लेकीला सवलतीत मिळालेला. त्याच्या पोटावर चिकटपट्टी, 'तक्रार आहे? आम्हाला लिहा'. अप्पांनी लिहिलं. नियम लागू झाल्याच्या त्याच आठवड्यात मावशींच्या पडद्यावर मजकूर उमटला: 'गिझर उत्तम चालू आहे. तक्रार काही नाही. माझी मुलगी तिथे काम करते, तिला सांगावे की जेवलो आणि गोळी घेतली.' मावशींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे सरकवून लेकीच्या कानाशी पुटपुटल्या, "तुझे अप्पा आलेत."

घरी लेकीने त्यांना समोर बसवून ओठ हलवून हलवून समजावलं. असं सरळ लिहायचं नाही, साहेब अधूनमधून या खिडक्या वाचतात. माझं नाव नाही, नातं नाही. आधी एक तक्रार लिहायची आणि मग खाली हळूच आपलं. आणि मी उत्तर देईन ते ऑफिसच्या भाषेत देईन, त्याचा राग मानायचा नाही. अप्पांनी मान डोलावली. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही, ती म्हणजे सख्या सहा आहेत. सांगितलं असतं तर अप्पा लाजेने लिहायचेच थांबले असते. चार परक्या बायकांना मी काय आता गोळ्यांचे हिशेब देऊ, म्हणाले असते. तेव्हा ती गप्प राहिली. अप्पा समजले, सखी म्हणजे आपली लेक.

मग काय विचारता. कारागीर माणूस तो, खोटी तक्रारसुद्धा खरी वाटेल अशी घडवायचा. 'आतल्या नळीच्या आट्यांमध्ये बारीक फट असावी, पाणी तापायला लागले की कुरकुर ऐकू येते.' ऐकू येते म्हणे. खाली: 'आलो. आज गार वारा होता.' एकदा त्यांनी गळतीचं वर्णन इतकं बेमालूम केलं की दुरुस्ती विभागाने खरोखरच मेकॅनिक पाठवून दिला. अप्पांनी त्याला चहा पाजला, त्याच्या पान्याचा जबडा कसा झिजलाय ते दाखवलं आणि गिझरला हात न लावू देता परत पाठवलं. त्या दिवशी सहाही सख्या टेबलाखाली डोकी घालून हसत होत्या.

अप्पांचा मजकूर कुणाच्याही टेबलावर पडायचा. जिच्याकडे पडेल ती उत्तर द्यायची. लांबलचक टंकायची गरज नसायची, तयार उत्तरं होती, आकडा दाबला की वाक्य गेलं. एक नंबरला नमस्कार. दोन नंबरला 'आपली नोंद घेतली आहे'. तीन नंबरला 'आपली विनंती मान्य करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार'. चारला दिलगिरी. अप्पांना कायम दोन नंबर जायचं. मग ती सखी लेकीकडे बघून मान हलवायची, की जेवले हो. पाण्याच्या यंत्रापाशी जास्तीची बातमी कळायची. आज तुझ्या अप्पांना ठेच लागली, आज मांजरीला पिल्लं झालीत, आज त्यांना तुझ्या आईची आठवण आली होती बाई, काय लिहिलंय माणसाने.

खरं सांगायचं तर बाकीच्या पाच जणी अप्पांना लेकीपेक्षा जास्त मन लावून वाचायच्या. त्यांना त्यात गोडी होती. सगळा दिवस लोकांच्या शिव्या वाचायच्या आणि मध्येच हा म्हातारा मांजरीचं बाळंतपण लिहितो, मग कोण नाही वाचणार? लेकीला काय, बापच तो, संध्याकाळी घरी आहेच. तिच्या पडद्यावर अप्पा आले की ती 'जेवलो' शोधायची, सापडलं की दोन नंबर दाबायची आणि खिडकी मिटायची. पुढे पुढे शोधणंही सुटलं. मजकूर आला म्हणजे माणूस धड आहे, एवढं तिला पुरत होतं. त्यात तिचं काही चुकत होतं असंही तिला वाटत नव्हतं, आणि वाटायचं कारण तरी काय? करार तेवढ्याचाच होता.

याच सुमाराला साहेबांनी तिला एक काम देऊ केलं. गावोगावच्या शाखांत जाऊन नव्या पोरींना शिकवायचं, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. लेकीला आगगाडी, नवी गावं, परक्या खोल्यांतल्या स्वच्छ चादरी यांचं लहानपणापासून वेड. तरी ती म्हणाली, मला प्रवास सोसत नाही. ही गोष्ट तिने घरी काढली नाही, पण मावशींनी अप्पांना लिहून टाकली. म्हणजे झालं असं की अप्पांनी विचारलं होतं, काम कसं चाललंय, आणि मजकूर पडला मावशींकडे. मावशींनी भाबडेपणाने सखीच्या नावाने लिहिलं, 'फिरतीचे काम आले होते, नाकारले.' चांगल्या मनाने केलेल्या चुकांना धरबंद नसतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गिझरची एक अख्खी खेप खराब निघाली. कंपनीने जाहीर केलं की ज्यांचा बिघडला त्यांना बदलून देऊ, आणि लोक तुटून पडले. सकाळपासून सहा जणींच्या पडद्यांवर खिडक्यांचा नुसता खच. गिझर बदलून द्या. तीन नंबर. गिझर बदलून द्या. तीन नंबर. लेकीचं बोट त्या आकड्यावर जाऊन बसलं ते उठेचना. चहा तसाच निवला. दुपारी तिच्याच पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात अप्पांनी लिहिलं होतं:

'तक्रार: नळ थेंब थेंब गळतो. ही खोटी. आता खरे लिहितो. फिटरच्या खोलीतली खाट रिकामी झाली आहे. वृद्धाश्रमवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे. मला तिथे करमेल, आमच्या कारखान्यातले अजून दोघे आहेत. तू माझ्यासाठी काय नाकारलेस ते मला कळते. घरी विचारले तर तू नाही म्हणशील, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसेन. म्हणून इथे विचारतो. इथे तोंड दिसत नाही. जाऊ का? हो की नाही एवढेच लिही. लिहिशील ते खरे धरीन. घरी हा विषय काढायचा नाही, तूही नाही आणि मीही नाही.'

लेकीने पहिली ओळ बघितली. नळ गळतो. अप्पा आले, म्हणजे जेवले. बोट खाली आलं. 'आपली विनंती मान्य करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार.'

दोनच्या जागी तीन गेलं हे तिच्या लगेच ध्यानात आलं. तिला हसू आलं. अप्पांची विनंती मान्य, संध्याकाळी ते चिडवणार, म्हणाली मनाशी. तेवढ्यात खालून अप्पांचा एकच शब्द उमटला, 'बरं.' आणि खिडकी मिटली. मिटलेली खिडकी टेबलावरून पुन्हा उघडता येत नसे, आणि येत असती तरी तिने उघडली नसती. मागे अजून कितीतरी गिझर उभे होते.

संध्याकाळी अप्पांनी चिडवलं नाही. विसरले असतील. पुढचे काही दिवस ते भलतेच कामात होते. हत्यारांची पेटी काढली, एकेक हत्यार तेल लावून पुसलं, आणि ज्या मापाच्या पट्टीला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता ती शेजारच्याला देऊन टाकली. लेकीला गिझरचा खटका खाली-वर कसा करायचा, पाण्याची टाकी भरली की कोणता कॉक बंद करायचा, सगळं दोनदोनदा करून दाखवलं. लेकीला वाटलं, चला, म्हातारा हुशारीत आहे.

"शनिवारी फिटरकडे जातोय," एका रात्री जेवताना ते म्हणाले. तिच्याकडे नीट बघून म्हणाले.

"जा की," लेक म्हणाली. "मी किती दिवस म्हणतेय, जाऊन या. आणि लगेच धावत येऊ नका, राहा चांगले."

अप्पांनी मान हलवली. "राहीन," म्हणाले, आणि ताटातलं सगळं संपवून उठले. आपण काय बोललो ते लेकीला ठाऊक नव्हतं, आणि अप्पांना वाटलं की हिने विषय न काढताही पुन्हा एकदा सांगून टाकलं. घरी विषय न काढायचं वचन दोघांनी पाळलं. इतकं चोख पाळलं की कुणाचा कुणाला पत्ता लागला नाही.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. निघताना अप्पा दारापर्यंत आले, ते एरवी येत नसत. कोपऱ्यात मोठी पिशवी भरलेली होती. "एवढे कपडे?" लेकीने विचारलं. "लागतात," अप्पा म्हणाले. "दुपारी त्यांचीच गाडी येतेय न्यायला." तिला उशीर होत होता. गोळ्या घेतल्यात ना, एवढं तिने विचारलं आणि जिना उतरली.

ऑफिसात चहाच्या वेळेला साहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत थंडगार हवा आणि टेबलावर एकच पडदा, तोही तिच्याकडे वळवलेला. साहेबांचा चेहरा कधी नव्हे तो गंभीर होता.

"हे ग्राहक मी महिनोन्‌महिने वाचतोय," साहेब म्हणाले. "वयस्कर गृहस्थ दिसतात. तक्रार असतेच असं नाही. एकटे असतात बहुतेक, सखीला घरचंच कुणी समजून लिहितात. वायरवाला म्हणाला यांना बंद करू का, मीच नको म्हणालो. कुणाला तरी लिहू दे बिचाऱ्यांना." त्यांनी घसा साफ केला. "आता हे वाचा. आणि त्याखाली तुमच्या टेबलावरून गेलेलं उत्तर वाचा. नियम मी करतो, कबूल, पण वाचू नका असा नियम मी केलेला नाही."

लेकीने वाचलं. ही खोटी, आता खरे लिहितो. फिटरची खाट. इथे तोंड दिसत नाही. जाऊ का. आणि खाली तिचं तीन नंबर, स्वच्छ, शुद्ध, पूर्णविरामासकट. त्याखाली 'बरं.' ती हत्यारांची पेटी, तो खटका, ती पिशवी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि तिला वाटलं, आपल्यासारखं आंधळं माणूस जगात दुसरं नसेल.

"हे तुम्ही कधी वाचलंत?" तिने विचारलं.

"आज सकाळी. आठवड्याची तपासणी असते ना."

"साहेब, हे माझे वडील आहेत."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला, तो बिचारा कायम जागाच असायचा. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हा सगळा वैयक्तिक वापर."

"हो. रोजचा. त्यांना ऐकू येत नाही, फोन त्यांच्या काही उपयोगाचा नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, मी उठले आणि बसले. काय करायचं ते सोमवारी करा. त्यांना न्यायला गाडी येतेय, मी निघते."

इतकं बोलणं तिने त्या खोलीत आजवर केलं नव्हतं. साहेब खुर्चीतून उठून तिच्या आधी दारापाशी गेले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "यांचा कप्पा उघड." पहारेकरी म्हणाला, सुटायच्या आधी उघडायचा नाही असं आपणच. "उघड रे बाबा," साहेब म्हणाले.

रस्त्यात तिने मोबाइलवर अप्पांना लिहिलं, जाऊ नका. पुन्हा लिहिलं, मी येतेय, थांबा. अक्षरं गेली, पण कुणी वाचली नाहीत. ऑफिसच्या वेळेत लेक मोबाइलवर लिहीत नसते हे अप्पांना पक्कं शिकवलेलं होतं. ते कशाला तिकडे बघतील? भाड्याच्या गाडीत बसून लेक स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होती आणि गाडीवाला सिग्नलला इमानदारीने थांबत होता.

घरापाशी वृद्धाश्रमाची पांढरी गाडी उभी होती, इंजिन सुरू. अप्पा ड्रायव्हरशेजारी बसलेले, मांडीवर हत्यारांची पेटी, पिशवी मागे. लेकीने काचेवर थापा मारल्या. अप्पांनी बघितलं आणि काच खाली केली.

"तू कशाला आलीस? पगार कापतील," अप्पा म्हणाले.

"उतरा, अप्पा."

"अगं, तूच हो म्हणालीस."

"मी वाचलंच नव्हतं."

अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते, पण तिचा श्वास लागलेला, ओठ थरथरत होते. त्यांनी कानामागे हात धरला. बहिऱ्या बापापुढे लाजेची गोष्ट हळू आवाजात सांगायची सोय नसते. लेक खिडकीत वाकली आणि एकेक शब्द सुटा करत ओरडली, "मी, तुमचं, वाचलं, नव्हतं. न वाचता उत्तर दिलं." ड्रायव्हरने मान दुसरीकडे वळवली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी गॅलरीत आलं.

आता मात्र त्यांना कळलं. ते पेटीच्या कडीशी चाळा करत बसले.

"आणि आधीचं?" त्यांनी विचारलं. "मांजरीचं, तुझ्या आईचं?"

"काही मी वाचलं. बरंचसं नाही. तिथे आम्ही सहा जणी आहोत अप्पा, तुमचं कुणाकडेही जायचं. त्या वाचायच्या. त्या मला सांगायच्या."

"सहा," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की लेकीला तो बघवेना. "तू हो म्हणालीस ना, तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. मी म्हटलं, पोरीने खरं सांगितलं, चांगलं केलं. हे मात्र लागलं."

लागणारच होतं, आणि लागायलाच हवं होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मग पुन्हा सुरू करायला हात नेला आणि तसाच थांबला.

"मग आता विचारतो," अप्पा म्हणाले. "जाऊ?"

"नका जाऊ."

"हे तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणतेस."

"हो, बघूनच म्हणते," लेक म्हणाली, अगदी सावकाश, ओठ नीट हलवत. "न बघता दिलेलं उत्तर तुमच्याजवळ आहेच."

ऊन डोक्यावर आलं होतं, ड्रायव्हर घाम पुसत होता, पण घाई कुणी केली नाही. शेवटी अप्पांनी पेटी तिच्या हातात दिली आणि गाडीचं दार उघडून एकेक पाय जपून खाली टेकवला.

"मागची पिशवी जड आहे," ते म्हणाले. "एका बाजूने धर."